कोलकाता ते नाशिक: अँग्लिकन डायोसीस वाढत गेला, पण खानदेश कुठे राहिला?

धुळे, जळगाव किंवा भुसावळमध्ये चर्चसमोरून जाताना आपल्यापैकी बहुतेकांना एकच प्रश्न पडतो, "हे कॅथलिक असेल ना?" बऱ्याचदा नसतं. मग ते कोणाचं, त्याचा बिशप कुठे बसतो आणि जागा कोणाच्या नावावर, हे समजून घ्यायचं तर दोनशे वर्षं मागे जावं लागतं.

आधी शब्द समजून घेऊ. डायोसीस म्हणजे एका बिशपच्या हाताखालचा प्रदेश. मराठीत त्याला धर्मप्रांत म्हणतात. अँग्लिकन म्हणजे 'चर्च ऑफ इंग्लंड'च्या परंपरेतलं. १५३४ मध्ये आठव्या हेन्रीने रोमच्या पोपशी संबंध तोडले, तिथून हा फाटा वेगळा झाला.

धुळ्याचा बिशप कोलकात्यात

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि खानदेश कंपनी सरकारकडे आला. कॅप्टन ब्रिग्जने धुळ्याला मुख्यालय केलं. त्या वेळी भारतात अँग्लिकन डायोसीस एकच होता, १८१४ मध्ये स्थापन झालेला कोलकात्याचा. म्हणजे धुळ्यातल्या इंग्रज अधिकाऱ्याचा बिशप थेट बंगालमध्ये! १८३७ मध्ये मुंबईचा स्वतंत्र डायोसीस झाला आणि थॉमस कार पहिले बिशप झाले. १७१८ मध्ये सुरू झालेलं फोर्टमधलं सेंट थॉमस चर्च त्यांचं कॅथेड्रल बनलं. चर्चगेट स्टेशनच्या नावातलं 'चर्च' तेच.

पण हे चर्च सरकारी होतं. बिशपची नेमणूक इंग्लंडच्या राजसत्तेकडून व्हायची आणि लष्करी छावण्यांमधल्या चॅप्लेनचा पगार सरकारी तिजोरीतून निघायचा. पुढे रेल्वे आली, भुसावळ जंक्शन झालं आणि गोऱ्या व अँग्लो-इंडियन रेल्वे कर्मचाऱ्यांची वस्ती वाढली. खानदेशात अँग्लिकन प्रार्थना होत होती ती मुख्यतः अशा साहेब लोकांसाठी. आसपासच्या गावांशी तिचा फारसा संबंध नव्हता.

खरी वाढ नाशिक-नगरमध्ये

मराठी माणसांत हे चर्च रुजलं ते मिशन संस्थांमुळे. चर्च मिशनरी सोसायटीने १८३२ मध्ये नाशिकमध्ये काम सुरू केलं आणि १८५० च्या दशकात शरणपूर वसवलं. आजच्या शरणपूर रोडचं नाव तिथूनच आलं. समुद्रात गुलामांची जहाजं पकडली जायची, त्यातून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथल्या मिशन शाळेत शिकायची. त्यातलाच एक जेकब वेनराइट. १८७३ मध्ये आफ्रिकेत डेव्हिड लिव्हिंग्स्टनचा मृत्यू झाल्यावर त्याचं पार्थिव घेऊन तो इंग्लंडपर्यंत गेला आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये शवपेटीला खांदा देणाऱ्यांत होता. नाशिकच्या शाळेतला मुलगा! आपल्या पाठ्यपुस्तकात हे का नाही, कोण जाणे.

नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशन आधीच होतं (रेव्हरंड टिळक त्या मिशनचे, अँग्लिकन नव्हेत). नंतर एसपीजी ही अँग्लिकन संस्था तिथे आली. तिच्याकडे आलेले लोक प्रामुख्याने गावकुसाबाहेरच्या महार आणि मांग वस्त्यांमधले होते. शाळा मिळत होती, माणूस म्हणून वागवलं जात होतं. १८७६-७८ च्या दुष्काळाची पार्श्वभूमीही होतीच. 'धान्यासाठी ख्रिस्ती झाले' असं एका वाक्यात उडवून लावणाऱ्यांनी त्या काळी त्यांना पाणवठ्यावर कोण येऊ देत होतं, हेही सांगावं.

ही मंडळी वाढल्यावर १९२९ मध्ये मुंबईतून नाशिक डायोसीस वेगळा झाला. आधी नगर भागात मिशनरी असलेले फिलिप लॉईड पहिले बिशप झाले. पुढच्याच वर्षी, १९३० मध्ये, भारतातलं अँग्लिकन चर्च इंग्लंडच्या चर्चपासून कायद्याने स्वतंत्र झालं. गंमत म्हणजे डायोसीसचं नाव नाशिक, पण बिशप हाऊस नगरच्या तारकपूरमध्ये!

मग खानदेश?

मिशन संस्थांनी प्रदेश आपसात वाटून घेतले होते. पश्चिम खानदेशात भिल्ल आणि इतर आदिवासींमध्ये स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन काम करत होतं, तर भुसावळ-जळगाव भागात अमेरिकेतून आलेलं ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स. यातलं कोणीच अँग्लिकन नाही. त्यामुळे डायोसीस शेजारी नाशिकला वाढला, तरी खानदेशातल्या मंडळ्या वेगळ्या नावांनी उभ्या राहिल्या.

या फरकाचे परिणाम आजही दिसतात. १९५० च्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. अनुसूचित जमातीला धर्माची अशी अट नाही. म्हणजे नगरचा दलित ख्रिस्ती सवलतीबाहेर, तर नवापूरचा भिल्ल ख्रिस्ती आत.

दुसरा प्रश्न जमिनीचा. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात अँग्लिकनांसह सहा चर्च एकत्र येऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया', म्हणजे सीएनआय, तयार झालं. प्रार्थना एकत्र झाली, पण सातबारा आणि ट्रस्टची कागदपत्रं आपोआप बदलत नाहीत. गुजरातमधल्या ब्रदरेन चर्चच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये हेच स्पष्ट केलं: नुसत्या ठरावाने ट्रस्टची मालमत्ता सीएनआयकडे जात नाही, त्यासाठी कायद्याने ठरवलेली प्रक्रिया लागते. तो ट्रस्ट ज्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली होता, तोच कायदा महाराष्ट्रात आहे. शहरात मोक्याच्या जागी असलेल्या जुन्या मिशन कंपाउंडसाठी हा निकाल किती मोठा, हे वेगळं सांगायला नको.

आणि हो, 'नाशिक डायोसीस' दोन आहेत. कॅथलिकांचा १९८७ मध्ये पुणे डायोसीसमधून वेगळा झाला. धुळे, जळगाव आणि नंदुरबार त्याच्याच हद्दीत येतात. त्यामुळे चर्चच्या पाटीवर फक्त 'नाशिक' दिसलं, तर त्याखालची ओळही वाचा.