‘शून्य हप्त्या’चा मेडिकेअर विमा : स्वस्त कोणाला, महाग कोणाला?

दरवर्षी ऑक्टोबर महिना उजाडला की अमेरिकेतील ज्येष्ठ नागरिकांच्या टपालपेट्या रंगीत माहितीपत्रकांनी भरून जातात. ‘मासिक हप्ता शून्य’, ‘दात, डोळे आणि कानांची तपासणी मोफत’, ‘औषधांसह सर्व काही एकाच कार्डावर’ अशी आश्वासने दूरचित्रवाणीवरूनही अहोरात्र कानावर पडत असतात. १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर हा मेडिकेअरची योजना निवडण्याचा वा बदलण्याचा काळ होय. न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्निया अशा राज्यांत मुलांकडे कायमच्या वास्तव्यास गेलेल्या मराठी आई-वडिलांच्या घरीही ही पत्रके पोहोचतात आणि ‘फुकट मिळते आहे, मग घ्यायला काय हरकत?’ हा प्रश्न जेवणाच्या टेबलावर चर्चिला जातो. त्याचे उत्तर देण्यापूर्वी या शून्याचा अर्थ समजून घेणे अगत्याचे आहे.

मेडिकेअरची रचना

अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ३० जुलै १९६५ रोजी मिसुरी राज्यातील इंडिपेन्डन्स या गावी मेडिकेअर कायद्यावर स्वाक्षरी केली. माजी अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांना पहिले कार्ड देण्यात आले आणि १ जुलै १९६६ पासून योजना प्रत्यक्षात आली. तिचे मूळ दोन भाग आहेत. ‘पार्ट ए’मध्ये रुग्णालयात दाखल होऊन घेतलेले उपचार येतात, तर ‘पार्ट बी’मध्ये डॉक्टरांची फी, तपासण्या आणि बाह्यरुग्ण विभागातील उपचार. औषधांसाठीचा ‘पार्ट डी’ २००६ साली सुरू झाला.

या मूळ सरकारी योजनेत दोन मोठ्या उणिवा आहेत. रुग्णालयात दाखल होताना २०२६ च्या दरानुसार पहिले १,७३६ डॉलर रुग्णाला भरावे लागतात. पार्ट बीखालील बहुतेक उपचारांचा २० टक्के खर्चही रुग्णाकडेच राहतो आणि या २० टक्क्यांना वरची मर्यादा नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी खासगी कंपन्या ‘मेडिगॅप’ नावाचा पूरक विमा विकतात. त्याचा हप्ता वेगळा भरावा लागतो.

दुसरा मार्ग म्हणजे ‘पार्ट सी’ अथवा ‘मेडिकेअर अॅडव्हांटेज’. यात मेडिकेअरचे सर्व लाभ देण्याची जबाबदारी खासगी विमा कंपनी घेते. १९८२ च्या कायद्याने या व्यवस्थेला आकार दिला, १९९७ साली तिला ‘मेडिकेअर प्लस चॉइस’ हे नाव मिळाले आणि २००३ च्या कायद्याने आजचे नाव दिले. २०२३ पासून पात्र ज्येष्ठांपैकी निम्म्याहून अधिक जण या खासगी योजनांत आहेत.

शून्य येते कोठून?

सरकार प्रत्येक सभासदामागे कंपनीला दरमहा ठरावीक रक्कम देते. कंपनीने आपल्या सेवांची बोली सरकारने ठरविलेल्या पातळीपेक्षा कमी लावली, तर फरकाचा काही भाग तिला मिळतो आणि तो सभासदांचा हप्ता कमी करण्यासाठी किंवा दात, चष्मा, श्रवणयंत्र यांसारख्या जादा सोयींसाठी वापरावा लागतो. शून्य हप्त्याचे रहस्य ते हेच. त्यात फसवणूक नाही. मात्र खर्चाला आवर घालणे हे कंपनीच्या हिताचे ठरते. त्यासाठी तिच्या हाती मुख्यतः दोन साधने असतात : डॉक्टर व रुग्णालयांची मर्यादित यादी आणि उपचारांपूर्वी घ्यावयाची परवानगी. योजनेची पारख करायची ती याच दोन ठिकाणी.

आधी पात्रता, मग निवड

अॅडव्हांटेज योजना घेण्यासाठी पार्ट ए आणि पार्ट बी हे दोन्ही असावे लागतात. योजनेचा स्वतःचा हप्ता शून्य असला तरी पार्ट बीचा सरकारी हप्ता चुकत नाही. २०२६ मध्ये तो सर्वसाधारणपणे दरमहा २०२.९० डॉलर आहे. अधिक उत्पन्न असणाऱ्यांना तो याहून जास्त पडतो.

भारतातून उतारवयात गेलेल्या पालकांची अडचण याहून मोठी आहे. ज्यांनी स्वतः किंवा ज्यांच्या जोडीदाराने अमेरिकेत सुमारे १० वर्षे काम करून कर भरला आहे, त्यांनाच पार्ट ए विनामूल्य मिळतो. मुलाने वा मुलीने तेथे वीस वर्षे कर भरला असला तरी त्याचा आई-वडिलांना या बाबतीत उपयोग नाही. अशा पालकांना वयाची ६५ वर्षे पूर्ण झाल्यावर आणि ग्रीन कार्डावर सलग ५ वर्षे वास्तव्य केल्यानंतर पार्ट ए विकत घेता येतो. २०२६ मध्ये त्याचा पूर्ण हप्ता दरमहा ५६५ डॉलर आहे. पार्ट बी धरून ही रक्कम ७६७.९० डॉलर, म्हणजे वर्षाला माणशी ९,२०० डॉलरच्या वर जाते. आई आणि वडील दोघांचा हिशेब केला, की ‘शून्य हप्ता’ या शब्दांतील शून्य कोणासाठी आहे, हे स्पष्ट होते. ज्यांना पार्ट ए विकत घ्यावा लागणार आहे, त्यांनी नोंदणीपूर्वी सर्वसाधारण विमा बाजारातील योजनांशीही तुलना करून पाहावी.

नोंदणीची पहिली मुदत ७ महिन्यांची असते : पात्र होण्याचा महिना, त्याआधीचे ३ आणि नंतरचे ३. अन्य मान्य विमा नसताना ही मुदत चुकल्यास पार्ट बीच्या हप्त्यात विलंबाच्या दर पूर्ण वर्षामागे १० टक्के दंडाची भर पडते आणि ती बहुधा कायम राहते.

पारखण्याच्या बाबी

१. डॉक्टरांची यादी : ‘एचएमओ’ प्रकारच्या योजनेत तातडीचा प्रसंग वगळता यादीबाहेरील डॉक्टरांचा खर्च सहसा मिळत नाही. ‘पीपीओ’मध्ये तो मिळतो, पण रुग्णाचा वाटा वाढतो. आपले हृदयविकारतज्ज्ञ, मधुमेहाचे डॉक्टर आणि जवळचे मोठे रुग्णालय यादीत आहे काय, हे कंपनीच्या माहितीपत्रकावर न विसंबता थेट डॉक्टरांच्या कार्यालयात दूरध्वनी करून विचारावे. विचारताना कंपनीचे नव्हे, तर योजनेचे पूर्ण नाव सांगावे. एकाच कंपनीच्या दोन योजनांच्या याद्या भिन्न असू शकतात.

२. वार्षिक कमाल खर्च : वर्षभरात रुग्णाच्या खिशातून जास्तीत जास्त किती जाऊ शकेल, याची मर्यादा प्रत्येक योजनेला घालावी लागते. २०२६ मध्ये यादीतील सेवांसाठी कायद्याने ही मर्यादा ९,२५० डॉलरपेक्षा अधिक असू शकत नाही. अनेक योजना ती बरीच खाली ठेवतात. माहितीपत्रकातील सर्वांत महत्त्वाचा आकडा हा होय, आणि तो बहुधा सर्वांत लहान अक्षरांत असतो.

३. औषधे : नेहमीच्या प्रत्येक औषधाचे नाव, मात्रा आणि महिन्याचे प्रमाण लिहून काढावे आणि ते योजनेच्या औषधयादीत कोणत्या श्रेणीत आहे, ते पाहावे. पार्ट डीखालील औषधांवरील रुग्णाचा वार्षिक खर्च २०२६ मध्ये २,१०० डॉलरपुरता मर्यादित आहे. परंतु यादीत नसलेल्या औषधाला ही मर्यादा लागू होत नाही.

४. पूर्वपरवानगी : एमआरआय, शस्त्रक्रियेनंतरचे पुनर्वसन, महागडी इंजेक्शने अशा बाबींसाठी कंपनीची परवानगी आधी घ्यावी लागते. अमेरिकी आरोग्य खात्याच्या महानिरीक्षक कार्यालयाने १५ मोठ्या कंपन्यांनी जून २०१९ मधील एका आठवड्यात नाकारलेल्या अर्जांचा नमुना तपासला. नाकारलेल्या पूर्वपरवानग्यांपैकी १३ टक्के मेडिकेअरच्या नियमांत बसत होत्या, असे २०२२ च्या अहवालात नमूद आहे. नकार आल्यास फेरविचाराचा अर्ज अवश्य करावा. फार थोडे लोक तो करतात आणि जे करतात त्यांतील बहुसंख्यांचा नकार पूर्णतः वा अंशतः मागे घेतला जातो.

५. भारतातील वास्तव्य : मूळ मेडिकेअर काही मोजके अपवाद वगळता अमेरिकेबाहेरील उपचारांचा खर्च देत नाही. काही अॅडव्हांटेज योजना परदेशातील तातडीच्या उपचारांचा खर्च देतात. त्याची मर्यादा लेखी विचारून घ्यावी. मात्र योजनेच्या क्षेत्राबाहेर सलग ६ महिन्यांहून अधिक काळ राहिल्यास सर्वसाधारणपणे सभासदत्व रद्द होते. दिवाळीला पुण्याला येऊन उन्हाळ्याच्या तोंडी परतणाऱ्यांनी ही अट कॅलेंडरवर मांडून पाहावी. मेडिगॅपच्या काही प्रकारांत प्रवासाच्या पहिल्या ६० दिवसांतील तातडीच्या उपचारांचा ८० टक्के खर्च, आधी २५० डॉलर भरल्यावर, आयुष्यभरासाठी ५०,००० डॉलरच्या मर्यादेत मिळतो. कोणताही मार्ग निवडला तरी दीर्घ मुक्कामासाठी भारतातील वेगळ्या विम्याचा विचार करणे श्रेयस्कर.

६. जादा सोयी : दंतचिकित्सेचा लाभ म्हणजे केवळ वर्षातून दोनदा दात साफ करणे, की मूळ-उपचार आणि कवळीही, हे पाहावे. वार्षिक रक्कम किती, हेही विचारावे. चष्म्याच्या मोहाने हृदयाचे डॉक्टर गमावणे हा तोट्याचा व्यवहार आहे.

७. तारांकन : सरकार योजनांना १ ते ५ तारे देते. तीन किंवा त्याहून कमी तारे असलेली योजना केवळ स्वस्त म्हणून घेऊ नये.

हिशेब दोन वर्षांचा

समजण्यासाठी दोन काल्पनिक योजना घेऊ. पहिलीचा हप्ता शून्य, तज्ज्ञ डॉक्टरांच्या प्रत्येक भेटीला ४५ डॉलर आणि वार्षिक कमाल खर्च ८,५०० डॉलर. दुसरीचा हप्ता दरमहा ६० डॉलर, भेटीला २० डॉलर आणि कमाल खर्च ४,५०० डॉलर. प्रकृती ठीक असलेल्या वर्षात तज्ज्ञांच्या चार भेटी झाल्या, तर पहिलीत १८० डॉलर जातात आणि दुसरीत हप्त्यासह ८००. पहिली ६२० डॉलरनी स्वस्त. परंतु कर्करोगासारखे दुखणे उद्भवले आणि दोन्ही योजनांत मर्यादा गाठली गेली, तर पहिलीत ८,५०० आणि दुसरीत हप्त्यासह ५,२२० डॉलर जातात. फरक ३,२८० डॉलरचा. पाच निरोगी वर्षांत वाचलेले ३,१०० डॉलर एका आजारी वर्षात संपून जातात. म्हणून योजनांची तुलना नेहमी दोन रकान्यांत करावी : वर्ष बरे गेले तर, आणि वाईट गेले तर.

परतीची वाट

अनेकांना उशिरा कळणारी बाब ही आहे. अॅडव्हांटेज योजना न रुचल्यास १ जानेवारी ते ३१ मार्च या काळात एकदा दुसरी अॅडव्हांटेज योजना घेता येते किंवा मूळ मेडिकेअरकडे परतता येते. पण परतल्यावर मेडिगॅप मिळेलच, याची खात्री नसते. ६५ वर्षांनंतर पार्ट बी सुरू झाल्यापासून पहिल्या ६ महिन्यांत मेडिगॅप कंपनी प्रकृतीच्या कारणावरून नकार देऊ शकत नाही. त्यानंतर बहुतेक राज्यांत ती जुन्या आजारांची चौकशी करून नकार देऊ शकते अथवा हप्ता वाढवू शकते. न्यू यॉर्क, कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्स आणि मेन या चार राज्यांचे नियम याबाबत उदार आहेत. ६५ व्या वर्षी पात्र होताच ज्यांनी अॅडव्हांटेज योजना घेतली, त्यांना पहिल्या १२ महिन्यांत मूळ मेडिकेअरकडे परतून मेडिगॅप घेण्याचा हक्क आहे. एरवी स्वस्त योजनेतून बाहेर पडण्याची गरज ज्या आजारामुळे वाटेल, तोच आजार मेडिगॅपचे दार बंद करू शकतो.

निर्णय कोणी, कसा घ्यावा?

ज्यांची प्रकृती बरी आहे, ज्यांचे डॉक्टर यादीत आहेत, जे बहुतांश काळ एकाच गावात राहतात आणि ज्यांना मेडिगॅपचा हप्ता झेपत नाही, त्यांना कमी खर्चाची अॅडव्हांटेज योजना सोयीची ठरू शकते. तिच्यातील वार्षिक मर्यादा हे मोठे संरक्षण आहे. ज्यांना गंभीर जुनाट विकार आहेत, ज्यांना हव्या त्या रुग्णालयात जाण्याची मुभा हवी आहे, किंवा जे दोन मुलांकडे दोन राज्यांत आलटून पालटून राहतात, त्यांनी मूळ मेडिकेअर अधिक मेडिगॅप या जोडीचा विचार पहिल्या ६ महिन्यांतच करावा.

विमा प्रतिनिधीला कंपनीकडून दलाली मिळते आणि तो सर्वच कंपन्यांच्या योजना विकत असेल असे नाही. न बोलावता दूरध्वनी करून योजना विकण्यास मनाई आहे; अशा व्यक्तीला मेडिकेअर क्रमांक कधीही सांगू नये. प्रत्येक राज्यात ‘शिप’ या नावाने ओळखली जाणारी विनामूल्य सल्लासेवा आहे. १-८००-६३३-४२२७ या मेडिकेअरच्या क्रमांकावर चौकशी करता येते आणि दुभाषाही विनामूल्य मागता येतो. आई-वडिलांच्या वतीने मुले परस्पर अर्ज भरून टाकतात, ते टाळावे. औषधांची यादी, डॉक्टरांची नावे आणि भारतवारीचे महिने पालकांनी स्वतः कागदावर लिहावेत. तो कागद समोर ठेवून मगच माहितीपत्रक उघडावे.