कॅम वा चुंग : कुलपाने राखलेले दुकान

अमेरिकेतील ओरेगॉन राज्याच्या पूर्व भागात, जॉन डे या लहानशा गावी, जाड दगडी भिंतींची आणि लहान खिडक्यांची एक इमारत ‘कॅम वा चुंग’ या नावाने जतन करण्यात आली आहे. 1862 मध्ये जवळच्या कॅन्यन क्रीक या ओढ्याच्या परिसरात सोने सापडल्यावर तेथे खाणकामगारांची रीघ लागली, आणि त्याच दशकात लष्करी रस्त्यालगतचे व्यापारी ठाणे म्हणून ही इमारत उभी राहिली. सहज हाती लागणारे सोने संपताच अनेक गोरे कामगार पुढील खाणींकडे वळले, तर मागे उरलेली वाळू पुन्हा धुऊन तीतून कण वेचण्याचे कष्टाचे काम प्रामुख्याने दक्षिण चीनमधील ग्वांगडोंग प्रांतातून आलेल्या मजुरांकडे आले.

1880 च्या दशकाच्या अखेरीस इंग हे आणि लंग ऑन या दोन चिनी भागीदारांनी ही वास्तू ताब्यात घेऊन तेथे आपली पेढी थाटली. जनरल स्टोअर, म्हणजे धान्यापासून अवजारांपर्यंत सर्व जिन्नस एका छपराखाली विकणारे दुकान, हा त्या काळातील नव्या वसाहतींचा आधारच होता. परंतु या दुकानाचा पसारा त्याहून मोठा होता, आणि त्याचे कारण तत्कालीन कायद्यात सापडते. 1882 च्या चिनी बहिष्कार कायद्याने चिनी मजुरांचा अमेरिकेत प्रवेश रोखला आणि चिनी लोकांना नागरिकत्व नाकारले; व्यापाऱ्यांना मात्र प्रवेशबंदीतून सूट होती, त्यामुळे पेढीतील भागीदारीला नफ्याइतकेच कायदेशीर मोलही होते. बायकामुले मायदेशी आणि आपण परदेशी, अशा स्थितीत दिवस काढणाऱ्या मजुरांना येथे तांदूळ, चहा आणि तंबाखू यांबरोबर निजायला फळी, पूजेला देव्हारा आणि पत्र लिहून देणारा माणूसही मिळत असे. इंग्रजी उत्तम जाणणारा लंग ऑन दुभाष्याचे काम करी, मजुरांना काम मिळवून देणाऱ्या मुकादमाची भूमिकाही निभावी, आणि पुढे तो मोटारविक्रीच्या व्यवसायातही उतरला.

इंग हे याची ख्याती वैद्य म्हणून झाली. रुग्णाच्या मनगटावर बोटे ठेवून नाडीवरून रोगाचे निदान करण्याची चिनी पद्धत त्याला अवगत होती, आणि आयुर्वेदातील नाडीपरीक्षेशी परिचित असलेल्या मराठी वाचकाला तिचे बाह्य स्वरूप ओळखीचे वाटेल. त्याच्या कपाटांत पाचशेहून अधिक औषधी द्रव्ये होती, आणि चिनी वस्ती ओसरत गेली तरी परिसरातील गोरे शेतकरी, पशुपालक आणि त्यांची कुटुंबे उपचारांसाठी त्याच्याकडे येत राहिली. ज्या समाजाच्या कायद्याने त्याला नागरिक होऊ दिले नाही, त्याच समाजाने आपले आजारपण त्याच्या हाती सोपवले, ही या दुकानाच्या इतिहासातील ठळक विसंगती होय.

लंग ऑन 1940 मध्ये वारला. इंग हे 1948 मध्ये जायबंदी होऊन गाव सोडून गेला आणि 1952 मध्ये त्याचेही निधन झाले. 1955 मध्ये वारसाने ही इमारत संग्रहालय करण्याच्या हेतूने नगरपालिकेला दिली, तरी ती बंदच राहिली, आणि 1967 च्या सुमारास तिची मालकी नगरपालिकेची असल्याचे पुन्हा ध्यानात आल्यावर आतील वस्तू जागच्या जागी सापडल्या. इंग हे याच्या पलंगाखाली सुमारे 23,000 डॉलरचे न वटवलेले धनादेश होते. मिळालेला पैसा बँकेत गेलाच नाही, यावरून त्याचे रुग्णांशी असलेले नाते केवळ देण्याघेण्याचे नव्हते, असे अनुमान काढता येते.

1973 मध्ये या वास्तूची नोंद राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या सूचीत झाली आणि 2005 मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक वारशाचा सर्वोच्च दर्जा मिळाला. पुष्कळ संग्रहालयांत जुने दुकान नव्याने मांडून दाखवले जाते, येथे मात्र दुकानदाराने ठेवलेले डबे, खातेवह्या आणि पत्रे त्यांच्या मूळच्या मांडणीसह उरली. खाणवस्त्यांच्या इतिहासात बहुधा केवळ ‘चिनी मजूर’ या शब्दांत आटोपल्या गेलेल्या माणसांची नावे, देणी आणि दुखणी त्यामुळेच आज अभ्यासता येतात.