विजेचा षड्ज

वरात कोपऱ्यावर आली, बँडवाल्याने नागिणीची सुरावट धरली आणि नवऱ्या मुलाच्या मामांनी तोंडात रुमाल धरून भर रस्त्यात लोळण घेतली, हे दृश्य ज्याने पाहिले नाही असा मराठी माणूस विरळाच. पण ज्या बीनेवर हे मामा गेली कित्येक वर्षे डोलत आले आहेत ती बीन मुळात बीनच नव्हती, असे त्यांना सांगितले तर ते मानतील काय? १९५४ सालच्या 'नागिन' बोलपटाला हेमंतकुमारांचे संगीत होते. त्यातली बीन वाजविली ती कल्याणजी वीरजी शहा या तरुणाने, आणि वाजविली ती क्लॅव्हायोलिन नावाच्या विजेच्या पेटीवर. फ्रान्समधल्या कॉन्स्टंट मार्टिन या गृहस्थाने १९४७ मध्ये ती तयार केली होती. तिला ना भाता, ना तार, ना भोपळा. आत जुन्या रेडिओत असत तसले काचेचे व्हॉल्व्ह आणि बाहेर तीनएक सप्तकांच्या पट्ट्या. सारा देश गारुड्याची पुंगी समजून जिच्यापुढे माना हलवीत होता, ती निव्वळ वीज होती.

मी या विजेच्या सुरांचा शौकीन आहे. पुण्यात राहून असे कबूल करणे धाडसाचेच. जिथे १९५३ पासून सवाई गंधर्व महोत्सव भरतो त्या गावात माणसाने शौक करावा तर ख्यालाचा. पेट्यांमधून निघणाऱ्या गुणगुणण्याचा आणि खरखरीचा शौक म्हणजे घरचे पुरणपोळीचे ताट सोडून सायकलच्या दुकानातले वंगण चाखण्यासारखे! शाळेत मी चित्रकला शिकवितो, माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबले, तेव्हा विज्ञानाच्या ओढीने मी इकडे आलो असेही नाही. लहानपणी गणेशोत्सवात आमच्या पेठेत ऑर्केस्ट्रा येई. सगळी मुले गाणाऱ्याकडे बघत. मी मात्र बाजूला बसलेल्या, सिंथेसायझर वाजविणाऱ्या माणसाकडे. एकाच पेटीतून तो सनई काढी, बासरी काढी, आणि दोन गाण्यांच्या मधल्या वेळात, माइक बंद आहे अशा समजुतीने, कशाचाच नसलेला एखादा सूर काढून त्याच्याकडे कान देऊन बसे. त्या कशाच्याच नसलेल्या सुराने मला धरले ते अजून सोडलेले नाही.

यंत्राला मैफलीत बसू द्यायचे की नाही हा वाद आपल्याकडे विजेच्याही आधीचा आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींचे गणित मांडले, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यावर ते पडताळले आणि क्लेमंट्स नावाच्या इंग्रज अंमलदाराच्या साहाय्याने श्रुतींची खास पेटी सिद्ध केली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत ती जाणत्यांपुढे मांडली गेली. गवयांच्या गळ्याशी ताडून पाहता ती उतरली नाही, आणि मंडळी हसली. साध्या पेटीची गत तरी काय झाली? १९४० साली नभोवाणीने तिला बाहेर काढले आणि ते दार किलकिले व्हायला १९७१ उजाडले. आज तिच्यावाचून आपला गवई बैठकीला बसत नाही. मला त्या बडोद्याच्या पेटीविषयी नेहमी वाटते, की ती नापास झाली खरी, पण निदान तिची परीक्षा तरी झाली. समोर ऐकणारे बसले होते.

हे भाग्य अहमदाबादच्या यंत्राला लाभले नाही. ही हकिगत आपल्याकडे फारशी ठाऊक नाही, म्हणून जरा विस्ताराने सांगतो. साराभाई घराण्यातल्या गीता साराभाई १९४६ मध्ये न्यूयॉर्कला गेल्या. तिथे जॉन केज या अमेरिकन संगीतकाराशी त्यांचा परिचय झाला. त्याने त्यांना पाश्चात्त्य संगीताचे शास्त्र शिकवावे आणि त्यांनी त्याला आपले, असा विद्येच्या बदल्यात विद्या हा सौदा ठरला. संगीत कशासाठी, असे त्याने विचारले तेव्हा आपल्या गुरूंचे मत त्यांनी सांगितले, की मन शांत होऊन दैवी प्रभाव ग्रहण करण्याजोगे व्हावे म्हणून. केज ते उत्तर पुढे जन्मभर सांगत राहिला. पुढे, १९६९ मध्ये, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग नावाचे यंत्र येऊन दाखल झाले. त्याची मांडणी करायला केजचाच सहकारी डेव्हिड ट्यूडर आला होता. कपाटाएवढे यंत्र, त्यावर बटणेच बटणे, आणि जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दिसत तशा वायरी या भोकातून त्या भोकात. त्या यंत्रापाशी स्वतः गीताबाई बसल्या, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा हे बसले. ध्वनिफितींवर त्यांनी जे करून ठेवले ते मी ऐकले आहे. त्यात कुठे तंबोऱ्यासारखा गुंजारव आहे, कुठे पक्ष्यांचा भास आहे, आणि कुठे नुसतीच एक लांब रेघ आहे, जी मला फळ्यावर मोकळ्या हाताने ओढता आली तर मी स्वतःला चित्रकार म्हणवून घेईन. तीनएक वर्षे हे चालले. १९७२ नंतर ते विझले आणि फिती संस्थेच्या संग्रहात जाऊन पडल्या. पॉल पर्गस या ब्रिटिश कलावंताने त्या हुडकून काढल्या आणि २०२३ मध्ये त्यांची तबकडी निघाली. पन्नास वर्षे! तेवढ्या काळात ऐकणाऱ्यांची एक पिढी जन्मून म्हातारी झाली.

मुंबईच्या चरणजित सिंग यांची कथा याच माळेतली. बोलपटांच्या वाद्यवृंदांत वाजविणाऱ्या या माणसाने १९८२ साली तीन जपानी यंत्रे जोडून दहा राग काढले. त्यांत भैरवी, यमन, मालकंस. तबकडी खपली नाही. पाच वर्षांनी शिकागोच्या पोरांनी त्यांतल्याच एका यंत्रावर नवे नाचाचे संगीत निर्माण केले आणि जगभर नाव केले. सिंगांची तबकडी २०१० मध्ये परदेशात पुन्हा निघाली, आणि सत्तरी ओलांडलेला हा गृहस्थ युरोपात जाऊन आपली यंत्रे लोकांपुढे वाजवून आला. २०१५ मध्ये ते वारले.

आता घरची गोष्ट. माझी आत्या तरुणपणापासून गवयांच्या मागे तंबोरा घेऊन बसत असे. ती स्वतः फारशी गायली नाही. मागे बसणे हीच तिची शाळा, आणि तीच तिची मैफल. १९७९ साली बंगळुरात विजेचा तंबोरा तयार झाला आणि हळूहळू डब्याएवढ्या पेट्या गावोगाव पोचल्या. दोष कोणाचाच नाही. शिष्य गोळा करण्यापेक्षा कळ दाबणे सोपे. आत्याला बोलावणी येईनाशी झाली. मिरजेचा तिचा तंबोरा गवसणीत गेला, आणि माझ्या शौकाचा विषय निघाला की ती उठून स्वयंपाकघरात जाऊ लागली.

गेल्या डिसेंबरात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने, कर्वे रस्त्याजवळच्या एका गच्चीवर, स्वतः जुळविलेल्या यंत्रावर वाजवायचे ठरविले. सतरंजीवर वीस-पंचवीस माणसे. कसे कोण जाणे, आत्या माझ्याबरोबर आली. "मरायच्या आधी बघून तरी घेते तुझे ते भूत," एवढेच म्हणाली.

त्याने तीन सूर लावले आणि आत्याच्या कपाळाला आठी पडली. मी मनात म्हटले, झाले! पण ती माझ्याकडे बघतच नव्हती. तिने सरळ त्याला हाक मारली. "अरे बाळ, तुझी जोडी लागलेली नाही."

"लागली आहे, आजी," तो मोबाइलवरचा आकडा दाखवीत म्हणाला. "बघा ना."

"आकडा राहू दे. ऐक. लाटा येताहेत."

खरोखरच येत होत्या. दोन सूर जवळजवळ एक, पण पुरते एक नाहीत, की त्यांच्यात अशी हेलकाव्यांची लाट उठते; तंबोरा जुळविणाऱ्याला ती पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. खोलीत आकड्यावर जुळविलेले त्याचे यंत्र गच्चीवरच्या गारठ्यात सरकले होते. ही जुन्या पद्धतीची यंत्रे थंडी-उन्हाने चढतात-उतरतात, पावसाळ्यात तंबोरा उतरतो तशीच. हे मी पुस्तकात वाचले होते. तिने ते ऐकले. त्याने कळ फिरविली. आत्याने बोट वर धरले होते. "अजून. अजून किंचित. मागे, मागे... हं." लाटा लांब लांब होत गेल्या आणि थांबल्या. गच्चीवर कोणी बोलत नव्हते.

तंबोऱ्याच्या घोडीविषयी चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्येच लिहून ठेवले आहे, की घोडीच्या वळलेल्या पाठीवर तार टेकत टेकत कंप पावते, म्हणून जे उपस्वर एरवी उमटू नयेत तेही तीत उमटतात. आत्याने रामन वाचलेले नाहीत. तिने त्या मुलाला विचारले, "याला जवारी कुठे काढतोस?" त्याने एक दुसरी कळ दाखविली. ती फिरविली तशी सुराला धार येत गेली, आणि ती पुढे सरकून बसली. मग तो चाळीस मिनिटे वाजवीत होता. मधे दोनदा सूर हलला. दोन्ही वेळा त्याने आधी तिच्याकडे पाहिले आणि मग कळेकडे.

परतताना रिक्षात मी काही विचारले नाही. लकडी पूल ओलांडल्यावर तीच म्हणाली, "खर्ज बरा होता. मधले जरा फार लांबविले."

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेला निघताना तिचा फोन आला. गवसणी काढली होती; जोडीतली एक तार गंजली होती. तारा मिरजेहून मागवायच्या की इथे चांगल्या मिळतात, असे ती विचारीत होती. आणि रविवारी त्या मुलाला घरी घेऊन ये म्हणाली, त्याच्या त्या पेटीसकट.