रक्तातील कॅल्शियम आणि कॅप्टन मार्टेल

कॅल्शियम कमी पडले की हाडे कमकुवत होतात, हे आपण वर्गात शिकवतो. हाडे झिजत असतानाच रक्तातील कॅल्शियम वाढलेले असू शकते, हे मात्र सांगायचे राहून जाते. वैद्यकालाही ते उशिराच उमगले.

मानेत, थायरॉइडच्या मागे, सहसा चार इवल्या पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. स्वीडनच्या इवार सँडस्ट्रॉम यांनी १८८० मध्ये मानवी शरीरातील या ग्रंथींचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे हाडांच्या रुग्णांच्या शवविच्छेदनात एखादी ग्रंथी वाढलेली आढळू लागली. हाडे ढासळतात म्हणून ग्रंथी वाढते, असा समज झाला. म्हणून व्हिएन्नात फेलिक्स मांडल यांनी एका ट्रामवाहकाला आधी या ग्रंथींचा अर्क दिला, मग दुसऱ्याच्या ग्रंथीही बसवल्या. गुण आला नाही. अखेर १९२५ मध्ये त्यांनी गाठच काढली आणि रुग्णाच्या वेदना ओसरल्या. कार्यालाच कारण मानले गेले होते! त्याच वर्षी कॅनडात कॉलिप यांनी या अर्काने कुत्र्यांच्या रक्तातील कॅल्शियम वाढते, हे दाखवले.

अमेरिकन व्यापारी जहाजावरील कॅप्टन चार्ल्स मार्टेल यांची उंची तोवर काही इंचांनी घटली होती. हाडे मोडत होती, मूतखडेही झाले. १९२६ मध्ये न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात रक्ततपासणीवरून निदान झाले. गाठ मात्र सापडेना. सहा वेळा मान उघडली गेली. १९३२ मध्ये बोस्टनला चर्चिल व कोप यांनी सातव्या वेळी छातीत शोध घेतला, तेव्हा ती मिळाली. गर्भावस्थेत या ग्रंथी वरून खाली सरकतात. एखादी वाट चुकून छातीत उतरते. गर्भविज्ञानाचा हा धडा विद्यार्थ्यांना याहून ठसठशीत उदाहरणाने सांगता येणार नाही.

पण आता संकट उलटे झाले. भुकेली हाडे कॅल्शियम ओढून घेऊ लागली व मार्टेल यांना पेटके येऊ लागले. या भीतीनेच शल्यविशारदांनी गाठीचा थोडा भाग राखला होता. सुमारे सहा आठवड्यांनी, मूतखड्याच्या शस्त्रक्रियेनंतर, स्वरयंत्र आवळले जाऊन त्यांचा मृत्यू झाला.

आज प्रौढांत शंभर मिलिलिटर रक्तद्रवात साधारण साडेआठ ते साडेदहा मिलिग्रॅम कॅल्शियम सामान्य मानतात. अतितहान, वारंवार लघवी, बद्धकोष्ठता, थकवा, मनाचा गोंधळ ही वाढीची लक्षणे. कारण बहुधा हीच ग्रंथी किंवा कर्करोग. क्वचित ‘ड’ जीवनसत्त्वाचा अतिरेक. पॅराथायरॉइड संप्रेरकाच्या तपासणीने कारण वेगळे काढता येते. पातळी फार चढली तर शिरेतून सलाइन आणि हाडांची झीज रोखणारी औषधे देतात. गाठ काढल्यावर पहिले काही दिवस मात्र कॅल्शियम पुन्हा पुन्हा मोजले जाते, कारण मार्टेल यांच्यासारखी ती घसरण आजही होऊ शकते.