बटणाआडचा हेन्री

मित्राच्या जीपच्या विंचला नवा कंट्रोलर जोडताना मला जोसेफ हेन्री आठवला. छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करायची त्याची १८३५ सालची युक्ती, म्हणजे रिले! १९५९ साली अमेरिकेतल्या वॉर्न कंपनीने हौशी जीपवाल्यांसाठी इलेक्ट्रिक विंच आणली. पूर्ण ताणावर अशी मोटर ४०० अँपिअरसुद्धा खाते. हातातल्या बटणातून एवढं थोडंच जाणार? गंमत म्हणजे, बॅटरीच्या तारा उलटवल्या तरी सिरीज मोटर त्याच दिशेने फिरते. उलटवायचं ते फक्त फील्ड. म्हणून जुन्या विंचवर चार सोलेनॉइड, आता सगळं एका डबीत. पण आतले काँटॅक्ट वितळून चिकटले, की बटण सोडलं तरी दोर ओढला जातच राहतो. तेव्हा मंडळी, बॅटरीजवळ कटऑफ स्विच हवाच!