एकस्व-वकील आणि आज्ञावलीची भाषा

अमेरिकेतील एकस्व-वकिलास, म्हणजे पेटंट-वकिलास, कायद्याबरोबर विज्ञानाचे वा अभियांत्रिकीचेही ज्ञान असावे लागते. परंतु त्याचा खरा कस लागतो तो दावा लिहिताना. तेथील प्रघाताप्रमाणे प्रत्येक दावा, कितीही लांबला तरी, एकाच वाक्यात मांडावा लागतो. संगणकाची आज्ञावली या व्यवसायाच्या कक्षेत आली तेव्हा मुख्य अडचण पडली ती तिला काय म्हणावे याचीच.

१९५२ च्या कायद्याने एकस्वास पात्र अशा चारच गोष्टी सांगितल्या होत्या: प्रक्रिया, यंत्र, निर्मित वस्तू व द्रव्यरचना. नोंदी क्रमवार लावण्याच्या मार्टिन गोएट्झ यांच्या पद्धतीस १९६८ साली एकस्व मिळाले. आज्ञावलीविषयक पहिले एकस्व म्हणून सामान्यतः त्याचाच उल्लेख होतो. पण १९७२ मध्ये बेन्सन व टॅबट यांचा दावा सर्वोच्च न्यायालयाने अमान्य केला. दशमान अंकांच्या सांकेतिक रूपाचे द्विमान संख्येत रूपांतर करण्याची ती रीत होती. तिचे एकस्व देणे म्हणजे गणिती सूत्रच एकाच्या स्वाधीन करणे होय, असा न्यायालयाचा अभिप्राय पडला.

वकिलांनी यातून घ्यावयाचा धडा १९८१ च्या डीअर खटल्यात स्पष्ट झाला. साच्यातील तापमान सतत मोजून साचा केव्हा उघडावा हे तेथे संगणक ठरवीत असे. सूत्र आर्‍हेनियसचे, म्हणजे जुनेच. परंतु दावा गणना करण्याचा नसून रबर पक्के करण्याचा होता. पाच विरुद्ध चार मतांनी तो टिकला. यास निव्वळ शब्दच्छल म्हणणे अन्यायाचे होईल, कारण सूत्र साच्याशी बांधले की उरलेल्या जगास ते मोकळे राहते. मात्र नुसते 'संगणकाद्वारे' असे जोडून भागत नाही, हे त्याच न्यायालयाने २०१४ साली ॲलिस खटल्यात बजावले.

भारतात २००२ च्या दुरुस्तीने आज्ञावली 'पर से', म्हणजे केवळ आज्ञावली म्हणून, वगळली गेली. या दोन लॅटिन शब्दांवर येथील कित्येक अर्जांचे भवितव्य अवलंबून असते.

कृत्रिम बुद्धिमत्तेने वाद कर्त्यापाशी आणला. स्टीफन थेलर यांनी 'डॅबस' या यंत्रणेस संशोधक म्हणून दाखविले. २०२२ साली अमेरिकन अपील न्यायालयाने कायद्यातील 'इंडिव्हिज्युअल' म्हणजे मनुष्यच, असा अर्थ लावून ते नाकारले. दक्षिण आफ्रिकेने मात्र २०२१ मध्येच एकस्व देऊन टाकले होते. तेथे अर्जातील मजकुराची सखोल तपासणी होत नसे.