आडवे शब्द, उभे शब्द

शब्दकोड्याचा जन्म कोणत्या दिवशीं झाला हें निश्चित सांगतां येतें. करमणुकीच्या इतिहासांत असा योग क्वचितच येतो. २१ डिसेंबर १९१३ रोजीं 'न्यू यॉर्क वर्ल्ड' या पत्राच्या रविवारच्या पुरवणींत आर्थर विन नांवाच्या गृहस्थानें हिऱ्याच्या आकाराची एक चौकट छापली. १९२४ सालीं अमेरिकेंत कोड्यांचें पहिलें पुस्तक निघालें, आणि १९३० च्या फेब्रुवारींत लंडनच्या 'टाइम्स'सारख्या कर्मठ पत्रासहि या छंदापुढें मान तुकवावी लागली.

आमच्याकडे कोडें नवें नव्हतें. वात्स्यायनानें चौसष्ट कलांत प्रहेलिकेस स्थान दिलें आहे, दंडीनें 'काव्यादर्शां'त तिचे सोळा प्रकार सांगितले आहेत, आणि मोरोपंतांनीं ओष्ठ्य वर्ण टाळून निरोष्ठ रामायण रचलें, तेव्हां अक्षरांशीं खेळण्याची हौस मराठीस मुळींच अपरिचित नव्हती. परंतु जुन्या कोड्याचें उत्तर बरोबर कीं चूक हें घालणाराच सांगे. नव्या कोड्यांत तें काम आडव्या शब्दास छेदणारा उभा शब्द करतो. सोडविणारास कोणाच्या तोंडाकडे पाहावें लागत नाहीं, हीच त्यांतील खरी नवलाई.

आडव्या-उभ्याचें हें शास्त्र येवल्यास निराळें शिकवावयास नको. तेथील विणकर ताण्याचे उभे धागे मोजून, रंगारंगाच्या बाण्यानें पैठणीच्या पदरावर मोर उमटवितो. एक धागा चुकला कीं पुढची सारी नक्षी बिघडते. कोड्याचेंहि तसेंच. 'येवला' हें नांव इंग्रजी चौकटींत पांच घरें घेतें, मराठींत तीनच: ये, व, ला. मधल्या घरांतून उभा शब्द सुरू करावयाचा तर 'वकील' चालेल, 'वजन' चालेल. 'विहीर' चालणार नाहीं, कारण येथें कानामात्रेसकट अक्षर जुळावें लागतें. म्हणून मराठी कोडें रचणाराचे हाल अधिक. मात्र सोडविणारास एका घरांत व्यंजन आणि स्वर दोन्ही एकदम मिळतात. 'तात्या टोपे' यांतील 'त्या'वर उभा शब्द बसवून पाहावा, म्हणजे 'त्याग' सुचल्यावर पुढें किती वेळ थांबावें लागतें तें कळेल!

आतां येवल्यासाठींच सूचना लिहूं. 'तात्या टोपे यांचें जन्मग्राम' असें लिहितां येईल. 'पैठणीच्या मागांसाठीं प्रसिद्ध नगर' असेंहि चालेल. 'येथें १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं हिंदु म्हणून न मरण्याची घोषणा केली' अशीहि सूचना देतां येईल. तीन वाटा, पण मुक्काम एकच. ज्यास इतिहास ठाऊक नाहीं तो साडीवरून पोंचेल, ज्यास साडी ठाऊक नाहीं तो घोषणेवरून. हें न्यायाचें कोडें.

याच्या उलट एका सूचनेस दोन उत्तरें ठेवलीं कीं काय होतें, तें बक्षिसांच्या कोड्यांनीं दाखविलें. समजा, सूचना आहे 'गृहस्थानें हें जपलें पाहिजे'. दोन घरें, दुसऱ्यांत 'न' आधींच छापलेला, आणि पहिल्या घरास छेदणारा उभा शब्द नाहीं. 'मन' कीं 'धन'? दोन्ही जपावयाचींच. खरें उत्तर तेवढें संयोजकांच्या लखोट्यांत. अशीं दहा घरें असलीं तर १०२४ निरनिराळे नमुने होतात, आणि प्रत्येकास प्रवेशशुल्क! कोशाचीं पानें चाळून सुटण्यासारखें यांत कांहींच नाहीं. पगारदार कुटुंबांतील पैसा अशा ठिकाणीं बुद्धीची परीक्षा या नांवाखालीं जावा, यास आम्ही लबाडीच म्हणूं. सरळ सोडत निदान आपलें नांव लपवीत नाहीं.

मुंबई सरकारनें १९४८ सालीं सोडती आणि बक्षीस-स्पर्धा यांवर नियंत्रण व कर बसविणारा कायदा केला. परंतु कोडें छापावयाचें बंगळूरास आणि गिऱ्हाईक गांठावयाचें मुंबई राज्यांत, ही वाट मोकळी होती. म्हणून १९५२ मध्यें दुरुस्ती करून राज्याबाहेर छापलेल्या पत्रांसहि त्यांत ओढण्यांत आलें. बंगळूरचें 'स्पोर्टिंग स्टार' चालविणारे आर. एम. डी. चमारबागवाला न्यायालयांत गेले. आपला हा व्यापार आहे आणि व्यापाराचें स्वातंत्र्य घटनेनें दिलें आहे, असें त्यांचें म्हणणें. ९ एप्रिल १९५७ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें, सरन्यायाधीश सुधिरंजन दास यांच्या निकालपत्रांत, तें अमान्य केलें: हा जुगार आहे, आणि जुगारास व्यापाराचें संरक्षण नाहीं.

तत्पूर्वीं १९५५ सालीं केंद्राचाहि कायदा झाला होता. त्यानें महिन्याच्या बक्षिसांस एक हजार रुपयांची आणि एका स्पर्धेतील प्रवेशपत्रांस दोन हजारांची मर्यादा घातली. त्याविरुद्धच्या दाव्यांतहि त्याच वर्षीं न्यायालयानें एक भेद स्पष्ट केला, तो आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. जेथें यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून आहे अशा स्पर्धेस हा कायदा लागूच नाहीं. जेथें तें नशिबावर आहे तेथेंच तो लागू. न्यायाधीशांनीं काढलेली ही रेघ आणि कोड्याच्या चौकटींतील छेदाची रेघ आम्हांस एकाच ठिकाणीं पडलेली दिसते. 'मन' कीं 'धन' हें जेथें उभा शब्द ठरवितो तेथें कौशल्य, जेथें लखोटा ठरवितो तेथें जुगार.

दैनिकांतून हल्लीं येणाऱ्या कोड्यास प्रवेशशुल्क नसतें, बक्षीसहि बहुधा नसतें. उत्तर दुसऱ्या दिवशीं छापून येतें, आणि तोंवर घरांतील मंडळी 'त्या'वरच्या उभ्या शब्दासाठीं एकमेकांस विचारीत असतात.